विमानातले तेल आणि आपले हात

वर्धा रोडने जाताना सोनेगावच्या विमानतळावर उतरणारी विमाने आपण सर्वांनीच पाहिली आहेत. २००५ पासून हा विमानतळ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाने ओळखला जातो. उतरण्याआधी विमानाच्या पोटातून अवजड चाके बाहेर येतात, पंखांच्या मागच्या फळ्या खाली झुकतात. वैमानिक फक्त एक दांडी ओढतो. मग एवढा जोर लावतो कोण? तेल!

बंद भांड्यातल्या द्रवावर एका जागी दाब दिला तर तो सगळीकडे सारखाच पोहोचतो, हे फ्रान्सच्या ब्लेझ पास्कलने सतराव्या शतकात दाखवून दिले. समजा, १ चौरस सेंटीमीटरच्या दट्ट्यावर १० किलोचा भार दिला, तर त्याच तेलावर बसवलेला ५० चौरस सेंटीमीटरचा दट्ट्या ५०० किलो उचलतो. फुकट मात्र काही मिळत नाही. लहान दट्ट्या ५० सेंटीमीटर खाली गेला तर मोठा फक्त १ सेंटीमीटर वर येतो. गॅरेजमधला जॅक, टिपरची ट्रॉली, जेसीबीचा हात, सर्वांना नियम हाच. यालाच हायड्रॉलिक म्हणतात.

विमानात तेलाची टाकी, पंप, गाळणी, वाल्व्ह, नळ्या आणि दट्ट्याचे सिलिंडर असतात. मुख्य पंप इंजिनावर फिरतो. बहुतेक प्रवासी विमानांत हा दाब दर चौरस इंचाला ३००० पौंड, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या सुमारे शंभरपट असतो. तेलही सहजासहजी पेट न घेणारे वापरतात.

एक नळी फुटली तर? म्हणून बोइंग ७७७ मध्ये अशा तीन वेगवेगळ्या व्यवस्था आहेत. पण १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत एका डीसी-१० विमानाच्या शेपटीतल्या इंजिनाची चकती फुटली आणि तिच्या तुकड्यांनी तिन्ही व्यवस्थांच्या नळ्या तोडल्या. वैमानिकांनी उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमी-जास्त करत विमान सू सिटीला आणले. २९६ पैकी १८४ जण वाचले. चकतीतली भेग आधीच्या तपासणीत सुटली होती. तपासणाऱ्या कामगाराच्या नजरेची किंमत ही अशी असते.

आपल्या मिहानमध्ये बोइंगने एअर इंडियासाठी उभारलेले देखभाल-दुरुस्ती केंद्र २०१५ मध्ये सुरू झाले. बारावीला भौतिक, रसायन, गणित घेतलेल्या मुलामुलींना विमान देखभाल अभियंत्याचे प्रशिक्षण घेता येते. घरात याचा विचार व्हावा.

आणि जेसीबी, टिपर, प्रेस मशीनवर राबणाऱ्या बंधूंनो, एवढे ध्यानात ठेवा. दाबाखालची नळी कुठे गळते हे हाताने चाचपू नका. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून निघालेली तेलाची धार हातमोजा आणि कातडी भेदून आत जाते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही. पण आत तेल पसरत असते आणि उशीर झाला तर बोट किंवा हात कापावा लागतो. आधी यंत्र बंद करा, दाब उतरवा. गळती शोधायचीच असेल तर लांबून पुठ्ठा धरा. धार लागलीच तर हळद लावून घरी बसू नका. त्याच तासाला मोठे रुग्णालय गाठा आणि 'दाबाचे तेल आत गेले आहे' असे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.