किडनी काढण्याआधी

लघवी लालसर झाली की आपल्याकडे पहिलं निदान घरातच होतं: उष्णता झाली. मग धण्या-जिऱ्याचं पाणी आणि ‘काल बीट खाल्लं होतंस का?’ दोन दिवसांत रंग निवळतो आणि विषय मागे पडतो. रक्त थांबलं तरी तपासणी टाळू नये, हे मी या स्तंभात सांगतच राहणार.

कारण बहुतेकदा खडा किंवा जंतुसंसर्ग निघतो, कधी गाठ. क्वचित मात्र दोष किडनीच्या रक्तवाहिन्यांतच असतो. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळपास पाचवा हिस्सा किडन्यांकडे जातो. धमनीतलं रक्त केशवाहिन्यांच्या जाळीत मंदावून मग शिरेत उतरतं. मधली जाळी टळून धमनी-शिरेचा थेट जोड झाला असेल, तर धमनीचा दाब थेट शिरेवर येतो आणि तिची पातळ भिंत फाटू शकते. काहींत हा दोष जन्मजात असतो. जास्त वेळा तो बायोप्सीची सुई, मार किंवा पाठीतून दुर्बिणीने खडा काढताना झालेल्या जखमेतून येतो. बायोप्सीनंतरचे असे जोड बरेचदा आपोआप मिटतात. पण खड्याच्या ऑपरेशननंतर आठ-पंधरा दिवसांनी लघवीतून रक्ताच्या गाठी पडू लागल्या, तर सकाळची वाट पाहू नये.

साध्या सोनोग्राफीत हे निसटू शकतं. डॉप्लर आणि सीटी अँजिओग्राफीत दिसतं. पूर्वी अशा वेळी बरेचदा किडनीच काढावी लागे. आता जांघेतून बारीक नळी सरकवत, पडद्यावर बघत, किडनीच्या नेमक्या फांदीपर्यंत जातात आणि तिथे कॉइल (बारीक तारेचं वेटोळं) किंवा वैद्यकीय गोंद सोडतात; याला एम्बोलायझेशन म्हणतात. तेवढी फांदी बंद होते, बाकीची किडनी वाचते. जोड रुंद असेल तर कॉइल वाहून फुफ्फुसात जाऊ शकते, म्हणून हात सरावाचा हवा.

हा सरावाचा हात आपल्या भागात रात्री-अपरात्री मिळायला हवा. कल्याणच्या रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीच्या शास्त्रीनगर रुग्णालयातून गंभीर रुग्ण कळवा, शीव, परळकडे पाठवले जातात. रक्त जात असलेल्या माणसाला कल्याण-शीळ रस्त्यावरची कोंडी परवडत नाही. ठाणे-कल्याणात हृदयासाठी खासगी कॅथलॅब आहेत. तिथल्याच यंत्रावर किडनीचं हे कामही होतं. महापालिकांनी या कॅथलॅबशी करार करावा, हे काम करणाऱ्या इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टची चोवीस तासांची सामायिक पाळी लावावी आणि तिचा फोन नंबर प्रत्येक कॅज्युअल्टीच्या भिंतीवर लावावा. तोवर नातेवाइकांनी, किडनी काढण्याच्या संमतीपत्रावर सही करण्याआधी, ‘एम्बोलायझेशन होईल का?’ हे डॉक्टरांना जरूर विचारावं.