वाढणे, पिकणे, वर्षे पूर्ण करणे

वाचकहो, आपल्या घरातील मुलाने किंवा मुलीने स्पॅनिश भाषेचा अभ्यास आरंभिला असेल, तर त्यांच्या वहीत एक वाक्य अवश्य शोधून पाहावे : 'आजोबा आता म्हातारे होत चालले.' इंग्रजीच्या वाटेने स्पॅनिशकडे जाणारा विद्यार्थी येथे 'क्रेसेर' हे क्रियापद योजतो. इंग्रजीत मूलही वाढते आणि म्हातारपणही 'वाढूनच' येते, त्यामुळे ही गफलत होते. स्पॅनिशमध्ये मात्र मूल, रोप, नदीचे पाणी, शुक्लपक्षातील चंद्र, हे 'क्रेसेर' करतात. आजोबांस ते लाविले तर त्यांची उंची वाढत आहे असे होईल!

म्हातारे होण्यास 'एन्बेहेसेर' हा शब्द आहे. 'बिएहो' म्हणजे म्हातारा, आणि शेवटच्या 'एसेर'ने हळूहळू तसे होत जाण्याचा भाव येतो. उजाडणे म्हणजे 'आमानेसेर', रात्र पडणे म्हणजे 'आनोचेसेर'. वार्धक्यही असेच पावलापावलाने येते. आपल्याकडे लोणचे मुरते, तसे तिकडे पिंपातील द्राक्षमद्य मुरते. त्यासही 'एन्बेहेसेर' चालते.

मराठी माणसाची खरी फसगत होते ती 'मादुरार' या शब्दापाशी. याचा अर्थ पिकणे. परंतु आपल्याकडे केस पिकतात आणि वृद्धास आपण पिकले पान म्हणतो. म्हणजे आपल्या पिकण्यात गळून पडण्याची चाहूल आहे. 'मादुरार'मध्ये ती मुळीच नाही. धाकट्या भावंडांची जबाबदारी समजून घेणारी बारा वर्षांची मुलगीही 'मादुरार' होते, आणि सत्तरीच्या गृहस्थास तो मान मिळेलच असे नाही. केस पिकण्याकरिता 'एन्कानेसेर' हे निराळेच क्रियापद आहे. 'काना' म्हणजे पांढरा केस.

'आसेर्से मायोर', म्हणजे मोठे होणे, हा प्रयोग मला फार सोयीचा वाटतो. आठ वर्षांच्या मुलास म्हटले तर ती शाबासकी, साठीच्या माणसाविषयी म्हटले तर वय झाल्याची सौम्य सूचना. वृद्धांसाठी 'पेर्सोनास मायोरेस' असे म्हणतात, ते आपल्या 'ज्येष्ठ व्यक्ती'सारखेच आहे.

पण समजा, दूर मेक्सिकोत राहणाऱ्या आपल्या वृद्ध अध्यापकांस वाढदिवसाचे पत्र लिहावयाचे आहे. तेथे यांपैकी एकही शब्द नको. 'कुंप्लिर' घ्यावा. कुंप्लिर म्हणजे पूर्ण करणे. दिलेले वचन पाळण्यासही तोच शब्द आहे. वाढदिवसाचे नाव 'कुंप्लेआन्योस' त्यावरूनच पडले, आणि 'वयाची सत्तर वर्षे पूर्ण केली' असे म्हणणाऱ्या मराठी माणसास तो परका वाटू नये. तेवढे शेवटच्या अक्षराकडे मात्र लक्ष असावे : 'कुंप्लेस' लिहिले तर 'तू पूर्ण करतोस' असे होते, गुरुजनांस 'कुंप्ले' असेच लिहावे, त्यात 'आपण' आहे.