नामविस्तारानंतरचे विद्यापीठ

आज १४ जानेवारी. मराठवाड्यातून आणि विदर्भातून आलेली हजारो माणसे छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठ प्रवेशद्वारासमोर माथा टेकतील. त्यांतल्या कित्येकांच्या घरातले कुणीही या विद्यापीठात शिकलेले नसेल. तरीही ते त्यांना आपले वाटते, कारण त्याच्या नावासाठी त्यांच्या घरादाराने किंमत मोजली आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि त्याला विरोध म्हणून मराठवाड्यातल्या दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. त्या हिंसाचारात पोचिराम कांबळे यांचा बळी गेला. १९७९ मध्ये प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून लाँग मार्च निघाला. १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. त्यानंतर १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला आणि ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ ही अक्षरे प्रवेशद्वारावर चढली.

या दिवशी दरवर्षी इतिहासाची उजळणी होते, आणि ती व्हायलाच हवी. पण प्रवेशद्वाराच्या आत रोज सकाळी हजेरी लावणाऱ्या माणसांविषयी या दिवशी फारसे बोलले जात नाही. लिपिक, प्रयोगशाळा परिचर, ग्रंथालयातले सहायक, शिपाई, सफाई कामगार, तासिका तत्त्वावर शिकवणारे अध्यापक या सगळ्यांना आपले विद्यापीठ आपले वाटते का? हा प्रश्न एका विद्यापीठापुरता नाही. महाराष्ट्रातल्या प्रत्येक विद्यापीठाने तो आज स्वतःला विचारावा.

नव्याने रुजू झालेला कनिष्ठ लिपिक आस्थापना विभागात रुजू अहवाल देतो. दुपारी डबा उघडताना शेजारचा सहकारी सहज विचारतो, “पूर्ण नाव काय म्हणालात?” आडनावावरून उलगडा झाला नाही, तर “मूळ गाव कुठलं?” असा दुसरा प्रश्न येतो. तेवढ्यानेही भागले नाही, तर तिसरा येतो: “जागा कोणत्या प्रवर्गातली होती?” कुणी आवाज चढवत नाही, कुणी अपशब्द काढत नाही. मात्र चार दिवसांत डबा खायला बसण्याच्या जागा बदललेल्या असतात. अशा वेळी जिन्याखालच्या खोलीत बसणारा मागासवर्गीय कर्मचारी संघटनेचा एखादा ज्येष्ठ माणूस त्याच्याजवळ येतो आणि म्हणतो, “सेवापुस्तकात नोंद झाली का? जात वैधतेची प्रत दिलीस, तर आवक शिक्का मारलेली एक प्रत स्वतःजवळ ठेव.” त्या मुलाला विद्यापीठात पहिला आधार मिळतो तो या एका सूचनेतून.

अशा संघटनांवर नेहमीचा आक्षेप असा की, त्या कर्मचाऱ्यांमध्ये गट पाडतात. सगळे कर्मचारी एकच, मग वेगळी चूल कशाला? हा आक्षेप घेणाऱ्यांचा हेतू चांगला असेलही, पण त्यांनी सर्वसाधारण संघटनांच्या बैठकांची इतिवृत्ते उघडून पाहावीत. वेतन आयोग आणि आश्वासित प्रगती योजना हे विषय वरच्या क्रमांकावर असतात आणि ते योग्यच आहे. पण पदोन्नतीत मागे पडलेला सफाई कामगार, स्त्रियांसाठी स्वच्छतागृह नसलेली इमारत, रॅम्प नसलेले परीक्षा भवन हे सारे आयत्या वेळच्या विषयांत ढकलले जाते, आणि तोवर अर्धी माणसे उठून गेलेली असतात. गट आधीपासून पडलेलेच असतात. ज्यांना वगळले गेले, ती माणसे एकत्र बसली की ते गट डोळ्यांना दिसू लागतात, एवढेच.

अशा एकत्र बसण्यातून काय साधते, याचे ठळक उदाहरण आरक्षित जागांचा क्रम ठरवणाऱ्या बिंदुनामावलीचे आहे. अध्यापकांच्या आरक्षणासाठी संपूर्ण विद्यापीठ हे एकक धरायचे की एकेक विभाग, हा प्रश्न वरवर कारकुनी वाटतो. २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने विभाग हे एकक ठरवले आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. परिणाम काय? विभागाला एकक धरणाऱ्या तेरा बिंदूंच्या पद्धतीत इतर मागासवर्गाची पाळी चौथ्या जागेवर, अनुसूचित जातीची सातव्या आणि अनुसूचित जमातीची चौदाव्या जागेवर येते. चार-पाच अध्यापकांच्या विभागात ही पाळी यायला वर्षानुवर्षे जातात. जाहिरातीत आरक्षित जागा दिसेनाशा झाल्या, तेव्हा हे गणित लोकांना समजावून सांगायला दलित, आदिवासी आणि मागासवर्गीय अध्यापकांचे गट रस्त्यावर उतरले. अखेर मार्च २०१९ मध्ये केंद्राला अध्यादेश काढावा लागला आणि त्याच वर्षी कायदा होऊन संपूर्ण संस्था हेच एकक पुन्हा कायम झाले. बिंदुनामावलीचा तक्ता वाचता येणारी माणसे संघटित नसती, तर हा बदल झाला नसता.

स्त्रियांच्या बाबतीतही हेच घडले. राजस्थानात शासनाच्या महिला विकास कार्यक्रमात काम करणाऱ्या भंवरीदेवींवर अत्याचार झाला, आणि स्त्री संघटना एकत्र येऊन न्यायालयात गेल्या. त्यातून कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध १९९७ चा विशाखा निकाल आला आणि पुढे २०१३ चा कायदा. आज विद्यापीठात अंतर्गत समिती आहे ती त्यांच्यामुळे.

अमेरिकेत हीच वाट वेगळ्या वळणाने गेली. रॉचेस्टर शहरात १९६४ मध्ये वांशिक दंगल उसळली. तिथल्या झेरॉक्स कंपनीतल्या कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांनी पुढे आपले गट बांधले, आणि अशा गटांची प्रथा नंतर तिथल्या विद्यापीठांतही रुजली. प्रशासनाने त्यांना कार्यालये दिली, निधी दिला. पण २०२५ मध्ये राजकीय वारे फिरले आणि मिशिगनसारख्या नामवंत विद्यापीठानेही विविधता आणि समावेशनाचे कार्यालय बंद करत असल्याचे जाहीर केले. आपल्या संघटनांनी यातून एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सभासदांच्या वर्गणीवर आणि राज्यघटनेने दिलेल्या हक्कांवर उभी असलेली संघटना कुलगुरू बदलले म्हणून बंद पडत नाही.

मात्र या संघटनांनाही एक प्रश्न विचारलाच पाहिजे. विद्यापीठाचा परिसर झाडणारी, रात्री पहारा देणारी माणसे आज बहुतेक ठिकाणी ठेकेदारामार्फत येतात. त्यांतली कितीतरी नामांतरासाठी ज्या वस्त्यांनी सोसले, त्यांच्यातलीच आहेत. आज ती प्रवेशद्वारावर येतील, अभिवादन करतील आणि उद्या पहाटे झाडू घेऊन तिथेच हजर होतील. त्यांच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर ठेकेदाराचे नाव असते. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या अध्यापकाकडे तर अनेकदा तेवढेही नसते. त्याला तासांचे पैसे मिळतात आणि सुट्टी लागली की उत्पन्न थांबते. कायम कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी या दोघांना सभासद करून घेतले नाही, तर आपलेपणाची भाषा करण्याचा त्यांचा अधिकार निम्मा उरेल. सफाई कामगार स्त्रीला कपडे बदलायला खोली मिळवून देणे हे नामांतराच्या लढ्याचेच पुढचे काम आहे.

१९५० मध्ये बाबासाहेबांनी तेव्हाच्या औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय सुरू केले, तेव्हा मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय नावापुरती होती. शिक्षणापासून दूर ठेवलेल्या मुलांना तिथे बाकही मिळाला आणि मानही मिळाला. दोन्ही एकत्र द्यायचे असतात, हे त्या संस्थेने दाखवून दिले. कर्मचाऱ्यांच्या बाबतीत आपली विद्यापीठे अजून बाकापर्यंतच पोहोचली आहेत.

राज्यातल्या प्रत्येक कुलगुरूंना आमची विनंती आहे. जयंत्या आणि वर्धापनदिनांच्या भाषणांइतकाच वेळ या कामाला द्या. मागासवर्गीय, महिला, दिव्यांग आणि कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी गेल्या वर्षभरात दिलेली निवेदने आवक-जावक विभागातून मागवून घ्या. ज्यांना उत्तर गेलेले नाही, ती वेगळी काढा आणि येत्या २६ जानेवारीपूर्वी प्रत्येक निवेदनाला सहीनिशी लेखी उत्तर द्या.