पंधरवड्याची त्रिकोणमिती आणि सीमाभागातील मुले

जून उजाडला की बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरातील विज्ञान शाखेच्या पीयू महाविद्यालयांत एक विधी सुरू होतो. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलांना वेगळे बसवून दहा-पंधरा दिवसांत त्रिकोणमिती उरकून दिली जाते. याला कोठे ब्रिज कोर्स म्हणतात, कोठे क्रॅश कोर्स. आम्हांस दुसरे नाव अधिक प्रामाणिक वाटते. पूल बांधायचा तर दोन्ही काठ शाबूत असावे लागतात. येथे मूल ज्या काठावरून आले, तो काठच पहिल्या तासाला पुसला जातो. वर्गात मराठी बोलायचे नाही, शंका विचारायची ती इंग्रजीत. ज्याला शंका इंग्रजीत मांडता येते, त्याला या वर्गाची गरजच काय, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

आमचा आक्षेप घाईला नाही. वकिली करणाऱ्याला घाईचे महत्त्व कळते. मुदत संपली की उत्तम दावाही निकालात निघतो. पीयूचा अभ्यासक्रम मोठा, वर्ष लहान, तेव्हा मागचे भरून काढण्यासाठी जलद वर्ग हवाच. आमचा आक्षेप त्या वर्गाच्या भाषेला आहे. हेच पंधरा दिवस मराठीतून शिकवले आणि प्रत्येक संज्ञेचे इंग्रजी नाव सोबत दिले, तर ते कामी येतील. केवळ इंग्रजीतून शिकवले, तर मुलाच्या वहीत सूत्रे उतरतील आणि डोक्यात काही उतरणार नाही.

या पंधरा दिवसांत काय शिकायचे असते, ते आधी पाहू. दहावीत मूल काटकोन त्रिकोणातील बाजूंची गुणोत्तरे शिकते, कोनाच्या साहाय्याने मनोऱ्याची उंची काढते. (महाराष्ट्रात ‘बालभारती’ ही ओळख नववीतच करून देते, कर्नाटकात ती दहावीत होते. म्हणजे सीमेच्या अलीकडचे मराठी मूल येथेही एक वर्ष मागून निघते.) अकरावीत मात्र चित्र पालटते. कोन नव्वद अंशांच्या पलीकडे जातो, ऋण होतो, वर्तुळाला फेऱ्या घालतो. अंश जाऊन रेडियन येतो. गुणोत्तराचे फल बनते. ज्या त्रिकोणाच्या आधाराने मूल उभे होते, तो त्रिकोणच काढून घेतला जातो आणि त्या जागी एक त्रिज्येचे वर्तुळ येते. ही उडी कोणत्याही भाषेत अवघड आहे. इंग्रजी माध्यमातली मुलेही येथे अडखळतात. आमच्या मुलाला हीच उडी पाठीवर दुसऱ्या भाषेचे ओझे घेऊन मारायला सांगितली जाते, आणि तो पडला की निष्कर्ष निघतो: मराठी माध्यमाचे गणित कच्चे.

ओझे म्हणजे काय, ते शब्दांवरून समजेल. शिक्षक सांगतात, दुसऱ्या चरणात साइनचे साइन धन असते. एक ‘साइन’ गुणोत्तराचे नाव, दुसरे ‘साइन’ म्हणजे चिन्ह. इंग्रजीत लिहिताना दोन्ही वेगळी दिसतात, कानाला एकच लागतात. फळ्यावर पहिल्याचे संक्षिप्त रूप लिहिले की शब्दकोशात त्याचा अर्थ ‘पाप’ असा मिळतो. ‘आयडेंटिटी’ म्हणजे मुलाच्या माहितीत ओळखपत्र. येथे ती नित्यसमानता. ‘फंक्शन’ म्हणजे लग्नाचा समारंभ, येथे फल. ‘पीरियड’ म्हणजे शाळेचा तास, येथे आवर्तन. ‘अँगल ऑफ डिप्रेशन’मधला डिप्रेशन त्याने वर्तमानपत्रात हवामानाच्या किंवा मनाच्या आजाराच्या बातमीत वाचलेला असतो. यांतील एकही अडचण गणिताची नाही. शिक्षकाने मराठीत एक वाक्य बोलले तर प्रत्येक अडचण अर्ध्या मिनिटात सुटते. ते वाक्य बोलायला बंदी आहे.

आणि जे वाक्य बोलले जात नाही, त्यात त्रिकोणमितीची किल्ली आहे. वर्तुळाची जीवा मुलाला ठाऊक असते. कंपासमध्ये त्रिज्येएवढे अंतर घेऊन परिघावर सहा खुणा करणे, त्यातून षटकोन किंवा सहा पाकळ्यांचे फूल काढणे, हे आपल्यापैकी प्रत्येकाने शाळेत केले आहे. याचा अर्थ असा की, साठ अंशांच्या कोनासमोरची जीवा त्रिज्येएवढीच असते. आता ती जीवा मध्यावर तोडा आणि कोनही निम्मा करा: तीस अंशांसमोर अर्धी जीवा, म्हणजे त्रिज्येचा अर्धा. तीस अंशांचा साइन एक छेद दोन का, हे मुलाला पाठ करावे लागत नाही. त्याच्या कंपासपेटीने ते कधीच सिद्ध केले आहे. अर्धी जीवा, अर्धज्या, ज्या, एवढेच त्या शब्दाचे मूळ. नव्वद अंशांच्या पलीकडेही जीवा असतेच, म्हणून साइनही असतो. त्रिकोण संपला म्हणून घाबरायचे कारण उरत नाही.

इंग्रजी ‘साइन’ हा शब्द आला कोठून? संस्कृत ज्या आणि जीवा अरबीत ‘जीबा’ म्हणून गेले. अरबी लिपीत स्वर सहसा लिहीत नाहीत, त्यामुळे पुढच्या वाचकांनी तो शब्द ‘जैब’ असा वाचला. जैब म्हणजे वस्त्राची पोकळ घडी. हिंदीतला खिशाचा ‘जेब’ तोच. बाराव्या शतकात युरोपात अरबी ग्रंथांची लॅटिन भाषांतरे होऊ लागली, तेव्हा या घडीचे ‘सायनस’ झाले आणि त्याचा इंग्रजीत साइन झाला. म्हणजे ज्या शब्दापुढे आमच्या मुलाला गप्प बसवले जाते, तो त्याच्याच घरातून निघालेला आणि वाटेत चुकीचा वाचला गेलेला शब्द आहे. हैदराबादच्या वाचकांना हे चटकन पटेल, कारण उर्दू गणितात साइनला आजही जैबच म्हणतात.

रेडियनचेही तेच. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास दिलेल्या ज्यांच्या कोष्टकात काटकोनाचे चोवीस भाग आहेत, प्रत्येक भाग २२५ कलांचा, आणि त्रिज्या ३४३८ धरली आहे. ३४३८ च का? संपूर्ण वर्तुळाच्या २१,६०० कला होतात. परीघ त्याच कलांत मोजला, तर त्रिज्या ३४३८ येते. जे माप परिघाला, तेच त्रिज्येला. रेडियनमागची कल्पना नेमकी हीच आहे, आणि ३४३८ ला साठाने भागले की एका रेडियनचे सुमारे ५७.३ अंश हाती येतात. पंधरा मिनिटांत सांगून होणारी ही गोष्ट आहे. इंग्रजीतल्या जलद वर्गात त्याऐवजी ‘पाय बरोबर १८० अंश’ एवढे लिहून घेतात, आणि पाय म्हणजे ३.१४ असे मागे शिकलेले मूल वर्षभर गोंधळलेले राहते.

(भास्कराचार्यांनी ‘ज्योत्पत्ती’त दोन कोनांच्या बेरजेच्या ज्येचे सूत्र दिले आहे, पीयूच्या पहिल्या वर्षाला तेच सूत्र पहिल्यांदा भेटते. त्यांचे गाव विज्जडविड म्हणजे विजापूर की चाळीसगावजवळचे पाटण, याचा वाद अजून मिटलेला नाही. सीमावाद किती जुना असू शकतो, याचा हा एक नमुना.)

आता प्रतिपक्षाचा युक्तिवाद. शेवटी इंग्रजीच लागणार आहे, मग पहिल्या दिवसापासून का नको, असे शहरातील एका महाविद्यालयाच्या जबाबदार व्यक्तीने आम्हांस हसत विचारले. लागणार आहे, हे आम्हांस मान्य आहे. म्हणूनच प्रत्येक इंग्रजी संज्ञा दिलीच पाहिजे, परीक्षेतील प्रश्न इंग्रजीत वाचण्याचा सराव झालाच पाहिजे. पण संज्ञा शिकणे आणि संकल्पना समजणे ही दोन कामे आहेत. समजलेल्या गोष्टीचे दुसरे नाव शिकायला एक दिवस लागतो. न समजलेल्या गोष्टीचे नाव कितीही वेळा घोकले तरी समज येत नाही. मुंबईत १८२० च्या दशकात कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी अभियांत्रिकी शिकणाऱ्या देशी मुलांसाठी गणिताची पुस्तके मराठीत आणली. कंपनी सरकारच्या त्या गोऱ्या अधिकाऱ्याला मराठीचा पुळका नव्हता. त्याला मोजणीचे काम येणारी माणसे लवकर हवी होती. हैदराबादेत १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने गणितापासून वैद्यकापर्यंत सारे उर्दूत शिकवले, आणि इंग्रजी हा विषय सक्तीचा ठेवला. घाई असेल तर मातृभाषा वापरावी, असाच या दोन्ही दाखल्यांचा अर्थ आहे.

आपल्याकडील शुद्धतेच्या कैवाऱ्यांनाही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. साइन हा शब्द वर्गात उच्चारूच नये, ज्या आणि कोज्याच म्हणावे, हा आग्रह मुलाच्या हिताचा नाही. ‘ज्या कोनाची ज्या’ या वाक्यात पहिले ज्या सर्वनाम आणि दुसरे गुणोत्तर. साइनचे साइन म्हणून वर जो गोंधळ दाखवला, तोच हा. ज्या समजावून सांगावी, जीवेशी तिचे नाते दाखवावे, आणि मग निःसंकोच साइन म्हणावे. महाराष्ट्राची पाठ्यपुस्तकेही साइन, कोसाइन हेच शब्द वापरतात. त्याने मराठी बुडालेली नाही.

कायदा काय म्हणतो? सीमाभाग ज्या दिवशी म्हैसूर राज्यात घातला गेला, त्याच १ नोव्हेंबर १९५६ रोजी सातवी घटनादुरुस्ती अमलात आली आणि तिने अनुच्छेद ३५० क आणला: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी द्याव्यात. पण केवळ प्राथमिक टप्प्यावर. म्हणजे संरक्षण संपते आणि नंतर त्रिकोणमिती सुरू होते. मात्र अनुच्छेद ३० चा हक्क प्राथमिकला थांबत नाही. भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा आणि चालवण्याचा तो हक्क आहे, आणि सीमाभागात मराठी माणसांनी उभ्या केलेल्या संस्था थोड्या नाहीत. जूनमधील पंधरा दिवसांचा वर्ग हा मंडळाचा अभ्यासक्रम नव्हे, परीक्षा नव्हे. तो मराठीतून घ्यायला कोणत्याही सरकारची परवानगी लागत नाही. ज्या संस्थांच्या कमानीवर मराठी अक्षरे आहेत, त्यांच्याच वर्गात ती निषिद्ध असावीत, हे आम्हांस कोणत्याही कलमाखाली समजत नाही. या बाबतीत कन्नड माध्यमातून आलेले मूल त्याच बाकावर तीच शिक्षा भोगत असते. त्याच्यासाठी कन्नडमधून असा वर्ग झाला, तर आम्ही त्याचे स्वागतच करू.

एक बाब सर्वच बृहन्महाराष्ट्राची आहे. अभियांत्रिकीची जेईई मेन ही प्रवेशपरीक्षा २०२१ पासून मराठीसह तेरा भाषांत होते. ऐकायला गोड. पण माहितीपुस्तिकेतील तक्ता पाहा: इंग्रजी, हिंदी आणि उर्दूची सोय देशभरातील केंद्रांवर, मराठीची मात्र महाराष्ट्रातील केंद्रांवरच. बेळगाव, मडगाव, इंदूर, वडोदरा किंवा हैदराबाद येथे परीक्षेला बसणाऱ्या मराठी मुलाला आपल्या शहरात मराठी प्रश्नपत्रिका नाही. हवी असेल तर आमच्या मुलाने कोल्हापूर गाठावे. प्रश्नपत्रिका कागदावर छापून पेट्यांतून पाठवायची असती, तर अडचण समजली असती. ही परीक्षा संगणकावर होते. जो प्रश्न कोल्हापूरच्या पडद्यावर मराठीत उमटतो, तो शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या बेळगावच्या पडद्यावर उमटू नये, याला तांत्रिक कारण असूच शकत नाही. देशभर उर्दू देता येते, ही उत्तम गोष्ट आहे, आणि तीच आमच्या मागणीचा पुरावा आहे. भाषेची निवड उमेदवाराशी जोडा, केंद्राच्या राज्याशी नको.

दोन वर्षे इंग्रजीत शिकल्यावर मराठी प्रश्नपत्रिका हवी कशाला, असे कोणी म्हणेल. प्रादेशिक भाषा निवडली तरी इंग्रजी मजकूर शेजारी असतोच. ‘अँगल ऑफ डिप्रेशन’शी अडखळलेल्या मुलाला शेजारी ‘अवनत कोन’ दिसला, तर त्याचे चार गुण आणि तीन मिनिटे वाचतात. या परीक्षेत तेवढ्याने क्रमांक हजारोंनी बदलतो.

तेव्हा पुढील जूनपूर्वी दोन कामे करावयाची आहेत. त्रिकोणमितीची मराठी-इंग्रजी पुस्तिका, चाळीस पानांहून मोठी नको, जीवेपासून सुरू होणारी. निवृत्त गणित शिक्षकांनी तिच्यासाठी आमच्याशी संपर्क साधावा, छपाईची व्यवस्था आम्ही करू. दुसरे, परीक्षा घेणाऱ्या राष्ट्रीय चाचणी संस्थेकडे आणि केंद्रीय शिक्षण मंत्रालयाकडे निवेदन. मसुदा तयार आहे. अनुच्छेद ३५० अन्वये निवेदन संघराज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येते, म्हणून तो मराठीतच आहे. गोवा, इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा आणि हैदराबाद येथील मंडळांनी आपल्या लेटरहेडवर, आपल्या शहरातील केंद्राचा उल्लेख करून तो स्वतंत्रपणे पाठवावा. एकाच पाकिटात सगळ्यांच्या सह्या नकोत. प्रत्येक शहराचे निवेदन वेगळ्या आवक क्रमांकाने नोंदले गेले पाहिजे.