दुभाष्या ही खैरात नव्हे

इंग्लंडमधल्या बर्कशरच्या मेडनहेड, स्लाऊ, रेडिंग या पट्ट्यात स्थिरावलेल्या मराठी मंडळींत एक मत हल्ली फार ठासून मांडलं जातं. ते मांडणाऱ्यांचं नाव घेण्याचं कारण नाही, कारण मत एकट्याचं नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : इंग्लंडमध्ये राहायचं तर इंग्रजी आलंच पाहिजे. दवाखान्यात, पोलीस ठाण्यात, कौन्सिलच्या कचेरीत पंजाबी, उर्दू, पोलिश, रुमेनियन दुभाषे पुरवणं म्हणजे करदात्यांच्या पैशाने आळस पोसणं. आपण मराठी माणसं इंग्रजी शिकून इथे आलो, आपल्यासाठी कुणी मराठी पत्रकं छापली नाहीत, तरी आपलं काही अडलं नाही. हीच मंडळी बेळगावचा विषय निघाला की सरकारी परिपत्रकं, जमिनीचे उतारे आणि बसवरच्या पाट्या मराठीत मिळाल्याच पाहिजेत असं म्हणतात. ती मागणी मला शंभर टक्के मान्य आहे. म्हणूनच पहिलं मत मला सहन होत नाही.

इंग्लंड हा मुळात एकाच भाषेचा देश, हे त्यांचं गृहीतक इतिहासात टिकत नाही. १०६६ साली नॉर्मन आले आणि पुढची जवळजवळ तीन शतकं या देशातल्या न्यायालयांत फ्रेंच चालली. इंग्रजी ही प्रजेची भाषा होती आणि खटला मात्र परक्या भाषेत उभा राहत होता. १३६२ साली तिसऱ्या एडवर्डच्या पार्लमेंटने कायदा करून न्यायालयातले युक्तिवाद इंग्रजीत आणले. कारण सरळ दिलं होतं : लोकांना फ्रेंच कळत नाही, त्यामुळे आपल्या बाजूने किंवा आपल्याविरुद्ध काय बोललं जातंय हे त्यांना समजत नाही. हा कायदाही फ्रेंचमध्येच लिहिलेला होता, इतकी ती भाषा राज्यकारभारात मुरली होती. दप्तरातली लॅटिन हटायला तर १७३३ उजाडलं. ज्याच्यावर राज्य करायचं त्याला कळेल अशा भाषेत बोललं पाहिजे, हे तत्त्व या देशाला परक्यांनी शिकवलेलं नाही. इंग्रजी स्वतः याच तत्त्वाच्या बळावर न्यायालयात शिरली.

ते तत्त्व त्याच राज्याने वेल्समध्ये मोडलं. आठव्या हेन्रीच्या काळातल्या कायद्याने तिथल्या न्यायालयांत इंग्रजी सक्तीची केली आणि फक्त वेल्श बोलणाऱ्याला सरकारी पद बंद केलं. १९४२ साली थोडी सूट मिळाली, १९६७, १९९३ आणि २०११ या साली कायदे झाले, तेव्हा कुठे वेल्श भाषेला कारभारात प्रतिष्ठेची जागा मिळाली. २०२१ च्या जनगणनेत वेल्श बोलणारे साधारण ५ लाख ३८ हजार, म्हणजे वेल्सच्या लोकसंख्येच्या १७.८ टक्के भरले. त्यातल्या बहुतेक सगळ्यांना इंग्रजी येतं, तरीही त्यांना सेवा वेल्शमध्ये मिळते. कॅनडातल्या ऑन्टारिओनेही १९८६ साली कायदा करून ठरवलेल्या भागांत प्रांतिक सरकारची सेवा फ्रेंचमध्ये देण्याची जबाबदारी घेतली. फ्रेंच भाषिक १० टक्के असावेत, किंवा शहरात ५ हजार असावेत, असा तिथला साधारण निकष आहे. त्यातल्याही पुष्कळांना इंग्रजी येतं. मग ही उधळपट्टी का, असं आमचे प्रतिपक्षी विचारत नाहीत, कारण वेल्श आणि फ्रेंच या भाषा त्यांना प्रतिष्ठित वाटतात.

यावर त्यांचं उत्तर तयार असतं : वेल्श माणूस भूमिपुत्र आहे, स्लाऊमधला पंजाबी स्थलांतरित आहे. हा भेद खरा आहे आणि मी तो मानतो. पण त्यातून निघतं ते इतकंच, की पंजाबीला बर्कशरमध्ये राजभाषेचा दर्जा मागता येणार नाही, पाट्या आणि शाळा मागता येणार नाहीत. एखाद्या जमातीने आपल्या भूमीवर आपल्या भाषेत कारभार मागणं हा हक्काचा प्रश्न आहे. आजारी किंवा अटकेतल्या माणसाला समोरचं बोलणं कळणं हा गरजेचा प्रश्न आहे. बेळगावात पहिला लागू होतो, मेडनहेडमध्ये दुसरा. पहिला लागू नाही म्हणून दुसराही रद्द, ही उडी कशाच्या आधारावर?

आता त्यांच्या सर्वांत लाडक्या मुद्द्याकडे येतो. दुभाष्या मिळाला की माणूस इंग्रजी शिकत नाही, असं ते म्हणतात. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्स मिळून इंग्रजी नीट न येणारे ८ लाख ८० हजार आणि अजिबात न येणारे १ लाख ६१ हजार होते. दोन्ही मिळून शंभरात दोनही नाहीत. ज्या पुराची भीती घातली जाते तो पूर हा एवढाच. शिवाय शिकायचं कुठे? प्रौढांना इंग्रजी शिकवण्याच्या वर्गांवर इंग्लंडमध्ये २००९-१० साली २० कोटी ३० लाख पौंड सरकारी खर्च होत होता, तो २०१५-१६ पर्यंत ९ कोटींवर आला. वर्ग बंद करायचे आणि न शिकल्याबद्दल माणसाला झोडपायचं, याला धोरण म्हणत नाहीत. आणि शिकलेलं इंग्रजी तरी कुठवर पुरतं? दुकानात, बसमध्ये, शेजाऱ्याशी बोलताना पुरेल. छातीत कळ येत असताना, बाळंतपणात, कर्करोगाचं निदान ऐकताना, पोलिसांनी हक्क वाचून दाखवताना ते पुरत नाही. स्मृतिभ्रंशात तर नंतर शिकलेली भाषा अनेकदा आधी निसटते आणि आईकडून मिळालेलीच उरते. पन्नास वर्षं इंग्रजीत नोकरी केलेल्या माणसालाही म्हातारपणी दुभाष्या लागू शकतो. त्याला आळशी म्हणणार का? २०१४ साली वाहनपरवान्याच्या लेखी परीक्षेतून १९ परभाषांची ध्वनिफीत काढून टाकली, इंग्रजी आणि वेल्श तेवढ्या ठेवल्या, हे उदाहरण ते विजयाने देतात. तो निर्णय मला चुकीचा वाटत नाही. परवाना माणूस तयारी करून, सवडीने काढतो. आजार आणि अटक सवड बघून येत नाहीत.

खर्चाचं म्हणाल तर फोनवरचा दुभाष्या हा चुकलेल्या निदानापेक्षा स्वस्त पडतो. मोबाइलमधल्या भाषांतरावर भिस्त ठेवणाऱ्यांनी आपल्या शस्त्रक्रियेचं संमतिपत्र आधी त्यावर वाचून सही करावी.

घरचीच माणसं दुभाष्याचं काम करतील, हा आपल्या मंडळींचा खास उपाय. जावयाने सासूबाईंच्या गर्भाशयाच्या तक्रारी डॉक्टरला सांगायच्या, बारा वर्षांच्या नातीने आजोबांना गाठ कसली आहे ते समजवायचं. सासूबाई अर्धी तक्रार गिळतात, नात अर्धं उत्तर गिळते. म्हणूनच इथल्या आरोग्यसेवेच्या मार्गदर्शनात नातेवाइकांकडून, विशेषतः मुलांकडून, दुभाष्याचं काम करून घेऊ नये असं म्हटलं आहे. माँटगोमेरी खटल्यात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली स्पष्ट केलं की उपचारातले महत्त्वाचे धोके रुग्णाला समजतील अशा रीतीने सांगणं हे डॉक्टरचं कर्तव्य आहे. न कळता दिलेली संमती ही संमती नव्हे. फौजदारी खटल्यात दुभाष्या मोफत मिळण्याचा हक्क युरोपीय मानवी हक्क कराराच्या सहाव्या कलमात आहे, आणि त्याचा उपयोग एकट्या आरोपीला नाही. साक्ष काय दिली हे न्यायाधीशाला आणि ज्यूरीलाही कळावं लागतं.

मांडायचं ते एवढंच. जिथे एखादी भाषा त्या मातीतली आहे तिथे कारभार तिच्यातही चालावा. भारतात १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर भाषिक अल्पसंख्याकांसाठी लोकसंख्येचा १५ ते २० टक्क्यांचा निकष मान्य झाला. तो बेळगावात मराठीसाठी पाळला जावा आणि आपल्या अक्कलकोटात, जतमध्ये कानडीसाठीही. दुसरीकडे जीव, स्वातंत्र्य आणि मूल यांचा प्रश्न असेल तिथे संख्या मोजू नये. आपल्या राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानेही गाऱ्हाणं मांडण्याच्या भाषेला टक्केवारीची अट घातलेली नाही. आणि इंग्रजीचे वर्ग पुन्हा भरपूर सुरू करावेत. दुभाष्या आणि वर्ग एकमेकांच्या आड येत नाहीत.

मेडनहेडच्या मराठी घरांना एक विनंती. आई, वडील, सासूबाई इथे राहायला आले आणि इंग्रजीत अडत असतील, तर दवाखान्यात नाव नोंदवतानाच भाषा मराठी आणि दुभाष्या हवा असं सांगा. त्यासाठी पैसे पडत नाहीत. तपासणीच्या वेळी तुम्ही शेजारच्या खुर्चीवर बसा, पण बोलणं त्यांना स्वतःला करू द्या.