शाई वाळल्यानंतर

मार्च १९७७ मध्ये ज्यांनी आयुष्यातलं पहिलं मत दिलं, त्यांनी आज सत्तरी गाठली आहे. तेव्हा मतदानाचं वय २१ होतं. नुकती नोकरीला चिकटलेली, नाहीतर नोकरीच्या शोधात असलेली ही मुलं रांगेत उभी राहिली, बोटाला शाई लावून घेतली आणि काही दिवसांनी रेडिओवर त्यांनी ऐकलं की रायबरेलीत राजनारायण यांनी इंदिरा गांधींना हरवलं. पुण्यातून मोहन धारिया, राजापुरातून मधु दंडवते, मुंबईतून ‘पाणीवाली बाई’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मृणाल गोरे दिल्लीला निघाले. ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा तोंडोतोंडी झाली. २१ महिने देशाला गप्प बसवणारी सत्ता मतपत्रिकेवरच्या शिक्क्याने खाली आली होती.

एकविसाव्या वर्षी हे पाहिलेल्या माणसाला मताची किंमत कुणी शिकवावी लागली नाही. पुढच्या जवळपास पन्नास वर्षांत त्याच्या वाट्याला काय आलं, ते मात्र नीट मांडून पाहायला हवं. कारण मतदानाचा दिवस जवळ आला की त्यालाच उदासीन ठरवलं जातं, सुट्टी साधून गावी जाणारा म्हणून त्याला बोल लावले जातात. त्याची निराशा आळसातून आली असती, तर तिला तारखा सांगता आल्या नसत्या. त्या सांगता येतात.

पहिली तारीख जुलै १९७९. मोरारजी देसाई यांचं सरकार २८ महिन्यांत कोसळलं. त्यांच्यानंतरचे चरणसिंग पंतप्रधान म्हणून लोकसभेला एकदाही सामोरे गेले नाहीत आणि जानेवारी १९८० मध्ये काँग्रेस ३५३ जागा घेऊन परतली. महाराष्ट्रातही जुलै १९७८ मध्ये वसंतदादा पाटलांचं सरकार पडून पुरोगामी लोकशाही दलाचं, म्हणजे ‘पुलोद’चं, सरकार आलं आणि फेब्रुवारी १९८० मध्ये ते केंद्राने बरखास्त केलं. नेत्यांच्या भांडणात आपलं मत मातीमोल झालं, असं अनेकांना वाटलं आणि ते वाटणं खोटं नव्हतं.

तरीही त्या मतातून काही उरलं. ४४व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीच्या कलमातले ‘अंतर्गत अशांतता’ हे शब्द काढून तिथे ‘सशस्त्र उठाव’ हे शब्द घातले आणि १९७५ सारखी आणीबाणी पुन्हा लादणं अवघड करून ठेवलं. रेल्वेमंत्री झालेल्या दंडवत्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर फोमच्या गाद्या बसवायला सुरुवात केली. रात्रीच्या गाडीने गावी जाणारा माणूस आजही त्या गादीवर पाठ टेकतो.

१९८९ मध्ये बोफोर्सच्या वादळात विश्वनाथ प्रताप सिंह सत्तेवर आले. मतदानाचं वय १८ झाल्यानंतरची ती पहिलीच लोकसभा निवडणूक होती, त्यामुळे नव्या मुलांच्याही आशा तिला चिकटलेल्या होत्या. ते सरकार ११ महिने टिकलं. ऑगस्ट २०११ मध्ये रामलीला मैदानावर अण्णा हजारे उपोषणाला बसले, तेव्हा एरवी सभांकडे न फिरकणारी कुटुंबं मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर आली. लोकपालाचा कायदा डिसेंबर २०१३ मध्ये संमत झाला. पहिले लोकपाल नेमले गेले मार्च २०१९ मध्ये. त्या आंदोलनातून निघालेल्या आम आदमी पक्षाला दिल्लीने २०१५ साली ७० पैकी ६७ जागा दिल्या आणि दहा वर्षांनी, २०२५ मध्ये, सत्तेवरून खाली उतरवलं.

या प्रत्येक वेळी माणूस दुखावला, पण हिशेब लागत होता. कुणाला निवडलं, त्याने काय केलं, पुढच्या खेपेला त्याला काय द्यायचं, हे मतदाराच्या हातात होतं. २०१९ नंतर महाराष्ट्रात हा हिशेबच लागेनासा झाला. आधीच्या निराशेत आणि आताच्या निराशेत जो फरक आहे, तो इथे आहे.

ऑक्टोबर २०१९ मध्ये भाजप आणि शिवसेना एका बाजूला, काँग्रेस आणि राष्ट्रवादी दुसऱ्या बाजूला, अशी निवडणूक झाली. निकाल लागला: भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४. २३ नोव्हेंबरच्या सकाळी राज्याला जाग आली तेव्हा देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी उरकला होता. ते सरकार चार दिवसही टिकलं नाही. २८ नोव्हेंबरला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले, काँग्रेस आणि राष्ट्रवादी यांच्या साथीने. जून २०२२ मध्ये शिवसेनेत फूट पडली आणि सुरत, गुवाहाटीच्या वाटेने एकनाथ शिंदे भाजपसोबत सत्तेवर आले. २ जुलै २०२३ रोजी राष्ट्रवादीही फुटली आणि अजित पवार त्याच सरकारात सामील झाले.

एका विधानसभेच्या मुदतीत तीन मुख्यमंत्री झाले, याहून गंभीर गोष्ट दुसरीच आहे. २०१९ मध्ये या चार पक्षांपैकी कुणालाही मत दिलेल्या माणसाने पाच वर्षांत आपल्या पक्षाला, किंवा त्याच्या एका तुकड्याला, सत्तेत बसलेलं पाहिलं. आणि ज्यांच्या विरोधात त्याने मत दिलं होतं, त्यांच्याच मांडीला मांडी लावून बसलेलं पाहिलं. मग २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये त्याने शिक्षा कुणाला करायची आणि शाबासकी कुणाला द्यायची? शिवसेना आणि राष्ट्रवादी या नावांचे प्रत्येकी दोन पक्ष समोर होते. चिन्हं जुनी, पण हात बदललेले. अनेक घरांत वडील आणि मुलगा एकाच पक्षाचे म्हणवून घेत वेगवेगळी बटणं दाबून आले.

हे थांबवायला कायदा नाही असं नाही. १९६७ मध्ये हरियाणाचे आमदार गयालाल यांनी थोड्याच काळात अनेकदा पक्ष बदलला आणि ‘आयाराम गयाराम’ हा शब्द देशाला मिळाला. राजीव गांधींच्या सरकारने १९८५ मध्ये पक्षांतर करणाऱ्यांना अपात्र ठरवणारं दहावं परिशिष्ट घटनेत आणलं. एक तृतीयांश आमदार फुटले तर ती ‘फूट’ मानण्याची त्यातली पळवाट २००३ मध्ये ९१व्या दुरुस्तीने बंद केली. दोन तृतीयांशांनी दुसऱ्या पक्षात विलीन होण्याची वाट मात्र राहिली. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे अपात्रतेचा निवाडा सभागृहाच्या अध्यक्षांकडेच राहिला. अध्यक्ष बहुधा सत्ताधारी पक्षाचे असतात आणि त्यांनी किती दिवसांत निकाल द्यावा, यावर दहावं परिशिष्ट काहीच बोलत नाही.

जानेवारी २०२० मध्ये मणिपूरच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा याचिका साधारण तीन महिन्यांत निकाली निघाव्यात असं म्हटलं आणि हे काम एखाद्या स्वतंत्र, कायमस्वरूपी न्यायाधिकरणाकडे सोपवण्याचा विचार संसदेने करावा, असंही सुचवलं. महाराष्ट्रात शिवसेनेतल्या फुटीच्या याचिका जून २०२२ पासून दाखल होत होत्या. ११ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्यपालांचा बहुमत चाचणीचा आदेश चुकीचा ठरवला. पण ठाकरे यांनी चाचणीआधीच राजीनामा दिल्यामुळे त्यांचं सरकार परत आणता येत नाही असं सांगितलं आणि अपात्रतेचा प्रश्न अध्यक्षांवर सोपवला. अध्यक्षांचा निकाल आला १० जानेवारी २०२४ रोजी. दोन्ही गटांपैकी कुणीही अपात्र ठरलं नाही. दहा महिन्यांत ती विधानसभाच संपली. ज्या मतांचा हा वाद होता, त्यांची मुदत निकालाची वाट पाहण्यातच सरली.

वर विधानसभेत हे घडत असताना खाली, थेट दारातलं राजकारण बंदच होतं. घटनेच्या २४३-यू कलमानुसार महापालिकेची मुदत पाच वर्षं आणि ती संपण्याआधी निवडणूक पूर्ण झालीच पाहिजे. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. पुण्याची त्याच महिन्यात. औरंगाबाद आणि कोल्हापूरची तर २०२० मध्येच. इतर मागासवर्गीयांचं आरक्षण, प्रभागरचना, न्यायालयीन तारखा अशी कारणं एकामागून एक येत गेली. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका पूर्ण करायला सांगितलं, तरी मुंबई-पुण्यासह २९ महापालिकांचं मतदान झालं ते १५ जानेवारी २०२६ रोजी. मुंबईत आधीचं मतदान फेब्रुवारी २०१७ मध्ये झालं होतं. त्या वेळी नववीत असलेला मुलगा नोकरीला लागला, तेव्हा कुठे त्याच्या प्रभागाला पुन्हा नगरसेवक मिळाला.

मधल्या जवळपास चार वर्षांत मुंबईत प्रशासकाचं राज्य होतं. २०२५-२६ चा ७४ हजार कोटींहून मोठा अर्थसंकल्प एकाही नगरसेवकाच्या प्रश्नाविना मंजूर झाला. नळाला गढूळ पाणी आलं तर बाई कुणाकडे जाणार? वॉर्ड ऑफिसात अर्ज देता येतो. पण ज्याला पुढच्या वेळी मत लागणार आहे, असा माणूस तिथल्या टेबलामागे बसलेला नसतो. विधानसभेतली फोडाफोड लोकांनी टीव्हीवर पाहिली. नगरसेवक नसणं मात्र त्यांनी तुंबलेल्या गटारापाशी उभं राहून अनुभवलं. दुसरं नुकसान पहिल्यापेक्षा कमी नाही, उलट ते रोजचं आहे.

एवढं सगळं होऊनही नोव्हेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्रात ६६ टक्के मतदान झालं, २०१९ पेक्षा जास्त. लोकांचा राजकारणावरचा विश्वास उडाला, या सरसकट विधानाशी हा आकडा जुळत नाही. राग दाखवायलाही माणसं रांगेतच उभी राहतात. २०१९ मध्ये लातूर ग्रामीणमध्ये ‘नोटा’ला २७ हजारांहून अधिक मतं पडली आणि ‘नोटा’ दुसऱ्या क्रमांकावर राहिला. यांपैकी कुणीही नको, हे सांगायला इतकी माणसं घरातून निघून केंद्रापर्यंत गेली होती.

मग बदललं काय? आशेचा आकार बदलला. १९७७ च्या तरुणाने स्वातंत्र्य मागितलं होतं, २०११ मध्ये मेणबत्ती घेतलेल्या कुटुंबाने स्वच्छ कारभार. २०२४ मध्ये अनेक घरांतलं मत दर महिन्याच्या दीड हजार रुपयांभोवती फिरलं. लाडकी बहीण योजनेकडे बोट दाखवून मतदार विकला गेला, असं म्हणणारे शहाणे पुष्कळ भेटतात. त्यांनी त्या बाईच्या जागी उभं राहून पाहावं. कुणाला मत दिलं की कोण सत्तेत येईल, हे तिला सांगता येत नव्हतं. जाहीरनाम्यातलं काय झालं, हे विचारायला तेव्हा दारात नगरसेवक नव्हता. खात्यात पैसे आले की नाही, हे मात्र तिला मोबाइलवर पाहता येत होतं. राजकारणातलं हे एकच आश्वासन तिला स्वतः तपासता येत होतं. म्हणून तिने आपली आशा तपासता येईल एवढी लहान केली. यात तिचा काही दोष नाही.

मोठ्या आशाही तपासता येतील अशा करता येतात, हे याच राज्याने दाखवलेलं आहे. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमी उभी राहिली आणि पुढे तिचा कायदा झाला. काम मागा, पंधरा दिवसांत काम मिळेल, नाही मिळालं तर भत्ता. अडाणी समजल्या जाणाऱ्या मजुरालाही सरकारची परीक्षा घेता येईल असा तो मजकूर होता. २००५ च्या राष्ट्रीय कायद्याने तोच धागा पुढे नेला. माहिती अधिकाराचंही तसंच. केंद्राच्या कायद्याच्या तीन वर्षं आधी, २००२ मध्ये, महाराष्ट्राने आपला कायदा केला. दहा रुपयांच्या अर्जावर उत्तर किती दिवसांत यायला हवं, हे अर्जदाराला ठाऊक असतं.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाची गोष्टही याच जातीची. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणाऱ्या या गोंड गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाला. बांबूची वाहतूक करायला लागणारा परवाना मात्र वनखातं सोडेना. २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. तिथे निर्णय सर्वसहमतीने होतात आणि बांबूच्या पैशाचा हिशेब सभेत सर्वांसमोर मांडला जातो. त्या गावात राजकारणावर विश्वास आहे का, हा प्रश्न फारसा उरत नाही. पुढच्या बैठकीला जाऊन विचारता येतं.

तेव्हा मतदाराला मतदानाचं महत्त्व पटवण्याच्या मोहिमांपेक्षा संसदेला काही कामं सांगण्याची गरज जास्त आहे. अपात्रतेचा निकाल किती दिवसांत लागला पाहिजे, तो आकडा दहाव्या परिशिष्टात लिहावा. हा निवाडा अध्यक्षांकडून काढून स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे द्यावा. सूचना २०२० पासून पडून आहे. स्थानिक निवडणूक लांबली तर प्रशासकाला मोठे खर्च आणि नवे प्रकल्प मंजूर करता येऊ नयेत, म्हणजे निवडणूक लांबवण्यात कुणाचाच फायदा राहणार नाही. या तिन्ही गोष्टी कोणत्याही एका पक्षाच्या बाजूच्या किंवा विरोधातल्या नाहीत. २०१९ पासून चारही मोठ्या पक्षांनी कधी ना कधी या उणिवांचा मार खाल्ला आहे.

आणि एक काम तर आत्ताच करता येईल. नगरसेवकाने आपल्या मतदारांच्या क्षेत्रसभा घ्याव्यात, अशी तरतूद महाराष्ट्राच्या कायद्यात २००९ पासून आहे. बहुतेक शहरांत ती कागदावरच राहिली. जानेवारी २०२६ मध्ये निवडून आलेल्या नगरसेवकांनी आपल्या प्रभागातल्या शाळेत एका रविवारी ही सभा बोलवावी. १९७७ साली पहिली शाई लावून घेतलेला तो मतदार तिथे येईल, गढूळ पाण्याची बाटली घेऊन ती बाईही येईल. त्यांनी काय मागितलं आणि त्यांना काय कबूल केलं, ते फळ्यावर तारखेसकट लिहावं आणि पुढच्या सभेत तोच फळा समोर ठेवून बसावं.