कोयत्याला चालतं, मग पदवीला का नाही?

केजात निकाल लागून दोन-चार महिने झाले की एखाद्या घरात हैदराबादचं नाहीतर बंगळूरचं नेमणूकपत्र येतं, आणि पेढ्यांआधी बैठक बसते. मामा, चुलते, शेजारचे गुरुजी. पुण्यापर्यंत ठीक आहे, पण परराज्यात कशाला? भाषा वेगळी, माणसं परकी, अडीनडीला कोण? पत्र मुलीचं असेल तर बैठक आणखी लांबते.

दुसऱ्या एखाद्या गावात हा आक्षेप मी समजून घेतला असता. पण दसरा-दिवाळीच्या सुमाराला याच तालुक्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि तशाच कर्नाटकातल्या कारखान्यांवरही. नवरा-बायको मिळून एक कोयता, डोक्यावर मुकादमाची उचल, फडाशेजारी खोपी, घरी म्हाताऱ्यांच्या भरवशावर ठेवलेली शाळकरी लेकरं. कर्नाटकातल्या फडावरही कानडीच बोलतात. तेव्हा ‘परराज्यात कशाला’ म्हणून कुणी बैठक बसवत नाही. आईबापांनी उचलीपायी ओलांडलेली सीमा लेकीने पगारासाठी ओलांडायची म्हटली की तीच सीमा धोक्याची कशी होते?

याचं एकच उत्तर मला विचारात घ्यावंसं वाटतं, आणि ते त्या आईचं असतं. आम्ही हाल सोसले, तू तरी घर सोडू नको, असं ती म्हणते. तिचं दुःख खरं आहे. पण ते हाल लांबच्या गावामुळे झाले नाहीत, ते उचलीमुळे झाले. कामाआधी पैसा घेतलेला असतो, म्हणून हंगामाच्या मध्यात ताप आला, मजुरीवरून खटका उडाला, तरी फड सोडून येता येत नाही. पगाराची नोकरी पटली नाही तर राजीनामा देऊन घरी येता येतं. हा फरक माझ्या मते अंतरापेक्षा फार मोठा आहे.

आणि परकं कशाला म्हणायचं? १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत केज हैदराबाद राज्यात होतं. ज्या हैदराबादला आज परराज्य म्हणतात, ती आपल्या आजोबांची राजधानी होती. बिदर, गुलबर्गा त्याच राज्यातले जिल्हे होते. शेजारच्या अंबाजोगाईत शाळा उभी करायला झटलेले, पुढे हैदराबादच्या मुक्तिलढ्याचं नेतृत्व केलेले स्वामी रामानंद तीर्थ जन्मले विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीला. त्यांना आपण कधी परके म्हटलं नाही.

शिकलेली पोरं गेली तर गावाचं काय, असंही विचारतात. गावात राहून शेती, दुकान, शाळा चालवणाऱ्याला माझा नमस्कार. पण बहुतेक घरांत पर्याय तो नसतोच. पर्याय असतो पुण्यात खोली घेऊन वर्षामागून वर्ष स्पर्धा परीक्षा देत बसण्याचा, आणि त्याचा खर्च घरूनच जातो. शेतीचं म्हणाल, तर धनेगावचं मांजरा धरण याच तालुक्यातलं. २०१६ साली ते आटलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. अशा पावसाच्या मुलखात दोन-तीन एकरांवर घरातल्या प्रत्येक पदवीधराने भार टाकावा, हे गावावरचं प्रेम कसं?

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे: जाऊ द्या. बैठकही बसवा, पण तिथले प्रश्न बदला. पगार कागदावर किती लिहिलाय? नोकरी लावून देतो म्हणून कुणी आधी पैसे मागतंय का? मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेणार आहेत का? रात्रपाळी असेल तर घरी सोडायला गाडी आहे का? पहिला पगार होईपर्यंत खोलीचं भाडं कोण देणार? हे प्रश्न मामांपेक्षा आईला चांगले कळतात. उचल, मजुरी आणि कापलेला प्रत्येक रुपया म्हणजे काय, हे तिने वर्षानुवर्षं भोगलंय. सीमेपलीकडे कामाला ती स्वतः जाऊन आली आहे. ते पत्र आधी तिला वाचून दाखवा.